गाळात रुतलेला शेवट

त्या सिनेमाचं नाव मी इथं लिहिणार नाही. आमच्या सईचं, म्हणजे माझ्या नातीचं, म्हणणं असं की नाव लिहिलंस की वाचणारे लगेच मोबाईल काढतील आणि पान उलटायच्या आधी शेवट बघून मोकळे होतील. पोरगी हुशार आहे, माझ्यावर गेलेली नाही. मला त्या सिनेमाचा शेवट बघायला पन्नासच्या वर वर्षं लागली, तर वाचणाऱ्यांनी निदान चार पानं थांबावं. काळापांढरा सिनेमा होता. त्यात एक शिंपी होता, त्याची नाहीशी झालेली बायको होती आणि दर महिन्याला दुकानाच्या पायरीवर येऊन पडणारं एक पुडकं होतं. तूर्त एवढं पुरे.

आम्ही तेव्हा पावणे गावाच्या खालच्या अंगाला, खाडीकाठच्या गावात राहत होतो. मी आता राहते कोपरखैरण्यात, सातव्या मजल्यावर, आणि गॅलरीतून त्या बाजूला बोट दाखवलं की सईला दिसतात कारखान्यांची पत्र्याची छपरं. मला मात्र बांध दिसतो. बांधाच्या एका अंगाला भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मध्ये उघाडी, म्हणजे पाणी आतबाहेर सोडायची लाकडी फळी. भरती लागली की त्या फळीच्या फटीतून पाणी असं गुरगुरायचं की लहान पोरांना वाटावं खाली कोणीतरी बसलंय. बाबा मिठागरावर जायचे, आये ओहोटीला टोपली घेऊन गाळात उतरायची. ती परत आली की घरभर चिखलाचा आणि ताज्या कोळंबीचा वास, चुलीवर तांदळाची भाकरी टम्म फुगलेली, आणि आयेच्या तोंडाचा पट्टा चालू. तो पट्टा बहुतेक माझ्यावरच चालायचा, आणि आज कबूल करते, त्यातलं एक अक्षरही फुकट नव्हतं.

मी सोळा वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. शाळा सातवीला सुटली होती. शाळा सोडली म्हणून कोणी रडलं नाही, मास्तर तर मुळीच नाहीत. एक दिवस आयेनं माझं मनगट धरलं आणि मला धर्माकाकाच्या दुकानात नेऊन उभं केलं. धर्माकाका आमच्या गावचा टेलर. तो म्हणजे शब्द मोजून वापरणारा माणूस. आये त्याला म्हणाली, "धर्मा, हिच्या तोंडाला उसंत नाय. हाताला काय तरी काम दे, नाय तं ही गाव इकंल." काकानं माझ्याकडे बघितलं, सुई पुढं केली आणि म्हणाला, "ओव." एवढीच माझी भरती.

दुकान म्हणजे त्याच्या घराचीच पुढची खोली. दाराशी पायाचं मशीन, मागं लाकडी फडताळ आणि डाव्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगा. त्या खिळ्यांवर दोरे लटकलेले असायचे. गावातल्या बायकांना अंगाला परक्या पुरुषानं टेप लावलेली चालत नसे, आणि मापाचे आकडे लिहून ठेवले तरी ते कोणी वाचायचे? म्हणून काका जुनं पोलकं मागवून घ्यायचा, त्यावरून दोरा धरायचा आणि दोऱ्याला गाठी मारायचा. पहिली गाठ छातीची, दुसरी कमरेची, तिसरी दंडाची. गावातल्या प्रत्येक बाईचा एक दोरा आणि प्रत्येक दोऱ्याचा एक खिळा. कोणाचा कुठला हे त्याला डोळे मिटून कळायचं. मला म्हणायचा, "शिवनीत माया ठेवत जा. दोन बोटं. बाई आज हाय तेवरीच राहात नाय." एका दमात एवढं बोलला की दिवसभराचं बोलून झालं. एक दोरा खिडकीजवळ वेगळा, एकटा लटकायचा. तो अनसूकाकीचा, त्याच्या बायकोचा.

अनसूकाकी तेव्हा गावात नव्हती. दिवाळीच्या आधी एका पहाटे, गाव उठायच्या आत, ती पहिल्या तरीनं, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीनं, जासईला माहेरी गेली होती. तिची आई पडली होती म्हणे. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली ती पाच महिने झाले तरी परतली नव्हती. काकाला कोणी विचारलं की तो मशीन न थांबवता म्हणायचा, "यील." कधी, कशी, का राहिली, काही नाही. नुसतं यील.

आता माझ्या अकलेची गोष्ट सांगते. त्या हिवाळ्यात मी आठ दिवस ठाण्याला मामाकडे राहून आले होते आणि येताना केसांना एक चाप आणि जिभेला एक नवी ऐट घेऊन आले होते. 'शिनेमा' म्हणायचं सोडून 'पिक्चर' म्हणायला लागले होते. ठाण्यात टॉकीजच्या भिंतीवर त्या शिंप्याच्या सिनेमाचं मोठं चित्र लावलं होतं, हातात कात्री धरलेला आणि कुठंच न बघणारा माणूस. मामीनं मला टॉकीजच्या आत काही नेलं नाही. पण गावात आल्यावर मी तीन पोरींना सांगितलं की मी तो अख्खा पिक्चर बघितला. "लय भारी हाय, पन सांगून मजा नाय," असं म्हणून हात झटकला. न बघितलेल्या गोष्टीबद्दल गूढ बोलण्यासारखं सोपं काम नाही.

आणि होळीनंतर तोच सिनेमा आमच्या गावात आला. मशीन आणि पडदा घेऊन फिरणारा एक माणूस होता. त्यानं भाताच्या गिरणीचं गोदाम मागितलं, खिडक्यांत गोणपाट कोंबलं आणि भर दुपारी आत अंधार करून टाकला. रिळांचा संच एकच आणि गावं दोन, पलीकडे त्याचा जोडीदार दुसरं मशीन चालवत होता. खाडीपलीकडच्या गावात एक रीळ दाखवून झालं की डबा होडीत घालून आमच्याकडे यायचा. तोवर आम्ही आधीचं बघत बसायचो. रीळ बदलताना उजेड व्हायचा, मग पोरं खाकरायची, म्हाताऱ्या पानाचा डबा उघडायच्या, आणि मी शेजारणीच्या कानात म्हणायचे, "आता बघ, आता खरं हाय." मला काय कप्पाळ माहीत होतं!

पण ते बघताना माझीसुद्धा बोलती बंद झाली, हे लिहून ठेवलं पाहिजे. त्यात कोणी किंचाळत नव्हतं, रक्ताचा थेंब नव्हता. एका शिंप्याची बायको एक दिवस घराबाहेर जाते ती परत येतच नाही. वर्ष जातं. मग दर महिन्याला दुकानाच्या पायरीवर एक पुडकं सापडतं, आत कापड आणि मापाची चिठ्ठी. माप त्याच्या बायकोचं, बरोबर तेवढंच. तो शिवून पायरीवर ठेवतो, सकाळी ते नाहीसं झालेलं असतं. कोण पाठवतं? ती जिवंत आहे? कोणी त्याचा छळ मांडलाय? की तोच रात्रीचं पुडकं बांधून ठेवतो आणि सकाळी विसरतो? त्या नटाचा चेहरा असा होता की एका क्षणी त्याला जेवू घालावंसं वाटे आणि दुसऱ्या क्षणी तिथून पळून जावंसं. कात्री कापडातून चालल्याचा आवाज तेवढा मोठा केलेला. अख्खं गोदाम श्वास धरून बसलं होतं. माझ्या दोन रांगा मागं धर्माकाका बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून.

शेवटच्या आधीचं रीळ संपलं तेव्हा सिनेमातल्या पुडक्यात पहिल्यांदाच पत्ता निघाला होता. शिंपी शिवलेला ब्लाऊज घेऊन एका जिन्याच्या तळाशी उभा होता. पडदा पांढरा झाला. आम्ही शेवटच्या डब्याची वाट बघत बसलो. बसलो, बसलो, आणि मग कोणीतरी ओरडत आलं, "होरी रुतली!"

सगळं गाव बांधावर धावलं. ओहोटी लागली होती आणि खाडीच्या मधोमध, माणूस छातीपर्यंत आत जाईल अशा गाळात, होडी एका कुशीवर टेकून बसली होती. होडीवाला निवांत बिडी ओढत होता आणि त्याच्या शेजारी तो पत्र्याचा डबा उन्हात चमकत होता. आम्हाला शेवट दिसत होता, फक्त बघता येत नव्हता. भरती यायला सहा तास होते आणि पडदेवाल्याचा पुढचा खेळ दुसरीकडे ठरलेला. त्यानं पडदा गुंडाळला आणि "पुढच्या येळी दाखवीन" म्हणून गेला. ती वेळ आजतागायत आलेली नाही.

पलीकडच्या गावानं शेवट बघितला होता, पण कोळंबीच्या जागेवरून त्यांचं-आमचं बोलणं बंद होतं. तरी आमच्या काही माणसांनी बाजारात गाठून त्यांच्यातल्या तिघांना विचारलं, तर तिघांनी तीन वेगळे शेवट सांगितले. आम्ही म्हटलं, बघा, मुद्दाम फसवतात. मेले वाईटच.

मग सगळं गाव माझ्याकडे वळलं. "गुली, तू ठान्याला बघितलायस नं? सांग नं, बाय, शेवटी काय व्हतं?" त्या बांधावर शंभर डोळे माझ्यावर आणि प्रत्येकात आशा. नाही म्हणायचं धैर्य असतं तर ती मी कसली. मी खाली बसले, पदर सावरला, आणि सांगायला लागले. शिंप्यानंच मारलं, म्हटलं. कुठं पुरलं? मला सुचेना. माझी कल्पनाशक्ती तोकडी, रोज जे डोळ्यांसमोर होतं तेच तोंडातून आलं: "मशीनखाली. जमीन उकरली, मुरूम टाकला, चोपली आनि वरून सारवली. आनि वर मशीन ठेवून रोज शिवत बसला." बायांनी तोंडाला पदर लावला. मला इतकं बरं वाटलं की पुढचे तीन दिवस मी तोच शेवट सात ओट्यांवर सांगितला आणि प्रत्येक ओट्यावर जरा वाढवला. चौथ्या दिवशी माझा शिंपी त्याच मशीनखालून येणारा श्वास ऐकायला लागला होता.

आता वाचणाऱ्याला कळलंच असेल. त्या थंडीत भरतीच्या ओलीनं धर्माकाकाच्या मशीनखालची जमीन खचली होती. मशीन डुगडुगायचं. म्हणून त्यानं ती उकरून, मुरूम घालून, चोपून, सारवून घेतली होती. पाणी मीच शिंपडलं होतं! आणि तरी सातही ओट्यांवर सांगताना मला ते एकदाही खटकलं नाही. शप्पथ.

गावाला मात्र खटकलं. पहिल्यांदा पाटलांची सून आली. म्हणाली, "काका, माजा दोरा द्या. पोरीला खेलायला पायजे." काकानं खिळ्यावरून दोरा काढून दिला. दुसऱ्या दिवशी दोघी, मग चौघी. लगीनसराई तोंडावर, एरवी खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, आणि भिंतीवरचे खिळे एकेक करून उघडे पडायला लागले. हळदीची पोलकी ठाण्याला जाऊ लागली. पोरं दारावरून जाताना जमिनीला कान लावायचं नाटक करून पळायची. अनसू जासईला गेल्याचं कोनी बघितलं? असं एक जण म्हणायचा, आणि बाकीचे माना हलवायचे. जासई काही विलायतेत नव्हती. सकाळी निघालं तर दुपारपर्यंत पोचता येत होतं. पण जाऊन बघितलं असतं तर सिनेमा संपला असता ना!

काका दुकान उघडतच राहिला. काम नव्हतं तरी सकाळी मशीन पुसायचा, तेल द्यायचा आणि दाराकडे तोंड करून बसायचा. पंधरा दिवसांनी भिंतीवर दोनच दोरे उरले होते. एक माझ्या आयेचा आणि एक खिडकीजवळचा, अनसूकाकीचा.

त्या रिकामपणात मी फडताळाचा खालचा खण आवरायला घेतला आणि मला एक पुडकं सापडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं, सिनेमातल्यासारखंच. आत नवंकोरं, शिवून झालेलं, आंब्याच्या रंगाचं पोलकं. मी खिडकीजवळचा दोरा काढून त्यावर धरला. पहिली गाठ, दुसरी, तिसरी, सगळ्या बरोबर. मी स्वतः रचलेली थाप, स्वतःच्या तोंडानं सात ओट्यांवर सांगितलेली, आणि त्या क्षणी मी तिच्यावर ठाम विश्वास ठेवला. मशीनखाली बघायची हिंमत होईना. इतकी मूर्ख पोरगी खाडीच्या अल्याड-पल्याड शोधून सापडली नसती.

"त्याला बटनांची काजं तेवरी करायची व्हती," मागून काका म्हणाला. मी किंचाळले. तो दारात उभा होता, जराही रागावलेला नाही. "अनसूचं हाय. जाताना बोलली, सगल्या गावाचं शिवता, माजं पोलकं दोन वर्सं नुसतं ठिगलावर चाललंय. माजं शिवाल तवा बोलवायला या. दोन दिसांत शिवलं मी."

"मग नेऊन का नाही दिलंत?"

त्यानं पोलक्याची घडी नीट केली. "पयल्यांदा काम व्हतं," म्हणाला. "मंग उशीर झाला. उशीर झाल्यावर जायाची लाज वाटते, गुली. रोज थोरी वारते." मग खाली बघून म्हणाला, "आता जाऊन काय बोलू? पाटील येऊन गेला. आईतवारी जमीन खननार हायेत. मंग मी मशीन इकून मुंबयला जानार." म्हणजे रविवारी. आणि तो दिवस होता शुक्रवार.

मी घरी गेले. आये भाकरी थापत होती. मी सांगितलं. ठाण्याला सिनेमा बघितला नाही हे आधी सांगितलं, मग शेवट कुठून आणला ते. आयेनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, शांतपणे उलटली, आणि मग उलथन्यानं माझ्या पाठीवर असा एक दिला की त्याचा आकार मला अजून सांगता येईल. "एका मानसाचं घर बुरवलंस तू," म्हणाली. "तोंडानं. नुसत्या तोंडानं." मला वाटलं, आता पाटलाकडे नेणार. पण ती म्हणाली, "ते पुरकं घेऊन ये. सकालच्याला निघायचं." ते पुडकं मी धर्माकाकाच्या घरातून चोरून आणलं. एका पापात आणखी एक मावतं.

शनिवारी पहाटे निघून बेलापूरपर्यंत चालत, मग तरीनं पलीकडे, मग पुन्हा चालत. आज जासईच्या त्या रस्त्यावर कंटेनरच्या गाड्या एकीमागं एक उभ्या असतात, तेव्हा वाटेवर बाभळी आणि बगळे होते. आये वाटभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिचं गप्प राहणं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं आणि ते उलथन्यापेक्षा जास्त लागलं.

अनसूकाकी अंगणात भांडी घासत होती. तिची आई आत बाजेवर. आये उंबऱ्याशी टेकली, पाणी प्याली आणि म्हणाली, "अनसू, तू मेलीस असं आमच्या गावान ठरलंय. उद्या तुला उकरून बघनार हायेत."

"कुठून?"

"मशीनखालून."

"मशीनखाली मी मावन का?" काकी म्हणाली आणि हसली, आणि मग आमची तोंडं बघून हसायची थांबली. मी सगळं सांगितलं. आयेनं मध्ये एकदाही मदत केली नाही. काकीनं पुडकं हातात घेतलं, सुतळीची गाठ दातानं सोडली आणि आत गेली. बाहेर आली ती लालबुंद. "माप पाठ हाय म्हने त्याला! ह्ये बघ, दंडात हात जात नाय. पाच म्हयने भावजयीच्या हातचं खाल्लं मी, ते त्या दोऱ्याला काय ठावं?" मग तिनं पोलक्याची बाजू उलटी करून शिवण बघितली, अंगठ्यानं चाचपत राहिली. तिथं दोन नव्हे, चांगली चार बोटं कापड आत सोडलेलं होतं, दोन्ही बाजूंना. "उसवून देल म्हना," एवढंच पुटपुटली. आणि आत जाऊन भावजयीला सांगितलं की उद्यापास्नं आईला तू बघ.

रविवारी दुपारी आम्ही तिघी गावात शिरलो तेव्हा धर्माकाकाच्या दारात जत्रा होती. काकानं मशीन स्वतः उचलून ओट्यावर ठेवलं होतं. पाटलांना म्हणाला होता, "खना. पन मशीनला हात लावू नका, तुमी पारशाल." हातभर खणून झालं होतं. एक गंजलेली कात्री, दोन बटणं आणि खाडीचं पाणी एवढंच निघालं होतं, आणि कोणीतरी म्हणत होतं, अजून खोल असंल. तेवढ्यात काकी गर्दीतून वाट काढत पुढं गेली, खड्ड्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, "माज्या घरान खड्डा कोनी खनला?"

पाटलांच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. काकी म्हणाली, "जितकी खनलीत तितकी भरा. मुरूम घालून. सारवून." आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढं ढकललं, "आनि हिला काय तरी सांगायचंय." मी सांगितलं. त्या सात ओट्यांवर जेवढ्या रंगात सांगितलं होतं तेवढ्याच बेरंगात. पाटील भडकले, "मग तवाच का नाय बोललीस?" तेव्हा आये मागून म्हणाली, "आनि तुमी, पाटील? पोरगी सोला वर्साची हाय. तुमची किती झाली?" पाटलांनी घमेलं उचललं आणि खड्डा भरायला लागले.

मला शिक्षा काकीनं दिली. घरोघर जाऊन सगळे दोरे परत आणायचे, आणि प्रत्येक दारात माफी मागायची. निम्मे दोरे पोरांनी गुंता करून टाकले होते, काही चुलीत गेले होते. मग बायका म्हणाल्या, आता आलीच आहेस तर नव्यानं माप घे, तू पोरगीच, तुझी टेप चालेल. मी टेप घेऊन घरोघर फिरले, आकडे वहीत लिहिले, आणि त्या लगीनसराईत काका-मी मिळून वेळ पुरेना इतकं शिवलं. शिंपीकाम मला असं लागलं. पुढं कोपरखैरण्यात पंचवीस वर्षं मी स्वतःचं दुकान चालवलं, साताऱ्याकडच्या माथाडी कामगारांच्या सुना माझ्याकडे पोरींच्या लग्नाचे ब्लाऊज टाकायच्या, त्या शिवणावर घर उभं राहिलं. ते सगळं त्या उलथन्याचं आणि त्या 'ओव'चं देणं आहे. काकानं मला एकदाही त्या गोष्टीवरून टोकलं नाही. फक्त मशीन परत जागेवर ठेवून झाल्यावर, चाकाला हात देत, खालच्या आवाजात विचारलं, "गुली, खरं सांग. शेवटी काय झालं त्या शिंप्याचं?"

"माहीत नाही, काका. मी बघितलाच नाही."

तो हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं. "मना तं रोज रात्री तो जिना दिसतो," म्हणाला. "तो चरतो का परत जातो, तेच कलत नाय." पुढची कित्येक वर्षं सुई ओवता ओवता आम्ही दोघं शेवट रचायचो. एक दिवस तो म्हणायचा, ती वर आहे. दुसऱ्या दिवशी म्हणायचा, वर कोणी नाही, पत्ता त्यानंच लिहिला. मी काही सुचवलं की तो मान हलवायचा, "मशीनखाली सोरून काय पन बोल." तो गेला तेव्हाही आमचं हे संपलं नव्हतं.

आणि गेल्या महिन्यात सईनं मोबाईलवर तो सिनेमा शोधून काढला. "आजी, टेन्शन घेऊ नको, ह्याला सब्जेक्ट म्हणून कॉलेजात शिकवतात," म्हणाली. आम्ही दोघी गॅलरीत बसलो. जिन्याचा तळ आला तेव्हा मी मोबाईल तिच्या हातातून काढून जवळ धरला. पुढचं अख्खं रीळ तो शिंपी जिना चढतो, उतरतो, चार पायऱ्या चढून परत फिरतो. लाज रोज थोडी वाढते म्हणजे काय, ते त्याच्या पाठीवर दिसतं. शेवटी तो दार वाजवतो. दार उघडतं. आणि आपल्याला दाराच्या आतलं कोणी दिसतच नाही! फक्त त्याचा चेहरा दिसतो. तो बघतो, बघत राहतो, मग हातातलं पुडकं पुढं करतो. संपलं.

"एवढंच?" सई म्हणाली. "दार उघडलं कोणी?"

मी तर हसायलाच लागले. पलीकडच्या गावचे ते तिघं खोटं बोलत नव्हते, बिचारे. तिघांनी आपापल्या मनातलं दार उघडलं होतं. आणि पन्नास वर्षं मी त्या होडीवाल्याला बोल लावत आले, की तुझा डबा वेळेत आला असता तर माझ्या हातून ते झालं नसतं. डबा आला असता तरी सगळं गाव माझ्याकडेच वळलं असतं, "गुली, कोन व्हतं गं दारान?" आणि मी पदर सावरला असताच. ज्यानं तो सिनेमा केला त्याला माणसं ओळखता येत होती. शेवट आमच्या हाती देऊन तो निघून गेला, म्हणून तर आम्ही अजून त्याच जिन्याखाली उभे आहोत.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मी गावात गेले. अनसूकाकी आता ऐंशीच्या पुढं आहे, मुलाच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहते, डोळ्यांनी फारसं दिसत नाही, कान मात्र माझ्यापेक्षा तिखट. पलंगाशेजारी खिळ्याला एक जुना दोरा अजून लटकतो, तीन गाठींचा. मी तिला सगळं रीळ सांगितलं, जिना, पावलं, त्याची पाठ. ती डोळे मिटून ऐकत होती. "दार वाजवलं त्यानं," मी म्हटलं.

"कोनी उघरलं?" तिनं विचारलं.

सोळाव्या वर्षी कानाला खडा लावला होता की न बघितलेला शेवट पुन्हा कोणाला सांगायचा नाही. मी तिच्या हाताकडे बघितलं. अंगठा चादरीची शिवण चाचपत होता.

"तिनंच," मी म्हटलं. "म्हायेरी गेली व्हती."

काकीचा अंगठा शिवणीवर थांबला. मग डोळे न उघडताच म्हणाली, "मंग? पोलकं बसलं का तिला?"

"नाय," मी म्हटलं. "दंडात घट्ट झालं."